फाउंड्रीचा मेल स्वतःच्या सर्व्हरवर: मेलकाऊ दीड वर्ष वापरून

“ताई, पुण्याची पार्टी म्हणत्या, कोटेशन मिळालंच न्हाई. मी तर परवाच धाडलंय.”

मार्केटिंगचा दादा दर आठ-पंधरा दिवसांनी हे वाक्य घेऊन माझ्या टेबलाशी यायचा आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं: पुन्हा पाठव. पाठवलेल्या मेलचं पुढे काय झालं ते मला दिसतच नव्हतं. आता मी पोस्टफिक्सचा (मेल ने-आण करणारं सॉफ्टवेअर) लॉग उघडते, पार्टीचा पत्ता शोधते आणि सांगते, “मंगळवारी दुपारी २ वाजून ७ मिनिटांनी त्यांच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतलाय. लॉगमधला हा नंबर त्यांच्या आयटीवाल्यांना दे, अडवून ठेवलेले मेल, म्हणजे क्वारंटाइन, बघायला सांग.” मागच्या महिन्यात मेल तिथेच सापडला. समोरच्याचं उत्तर २ ने सुरू झालं तर मेल घेतला, ४ ने तर थोड्या वेळाने या, ५ ने तर घेणार नाही. मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती एसएमटीपीची ही भाषा १९८२ पासून चालत आलीये आणि ती स्वतः वाचता येणं हेच मला मेलकाऊने, म्हणजे आमच्या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरने, दिलेलं सगळ्यात मोठं सुख आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटर, नेटवर्क, कॅमेरे असं सगळं एकटी बघते. आमचे १४ मेलबॉक्स. मेलकाऊ हे जर्मनीतून आलेलं मुक्त सॉफ्टवेअर. पोस्टफिक्स, मेलपेट्या सांभाळायला डव्हकॉट, स्पॅम गाळायला आरस्पॅमडी, व्हायरससाठी क्लॅमएव्ही, वेबमेल आणि कॅलेंडरला सोगो, अशी वर्षानुवर्षं मुरलेली सॉफ्टवेअर डॉकरच्या (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारी सोय) दीड डझनाच्या आसपास कंटेनरांत बसवून त्यावर एकच अ‍ॅडमिन पॅनल दिलंय. बसवणं खरंच सोपं आहे. गिटने उतरवून घ्या, कॉन्फिगची स्क्रिप्ट चालवा, सर्व्हरचं पूर्ण नाव आणि आशिया/कोलकाता हा टाइमझोन द्या, कंटेनरांच्या इमेजेस (तयार साचे) ओढा, कंटेनर चालू करा. मी एका संध्याकाळी केलं. अ‍ॅडमिनचा सुरुवातीचा पासवर्ड ‘मूहू’ असतो आणि तो जगजाहीर आहे, म्हणून लॉगिन झाल्यावर पहिलं काम तो बदलण्याचं.

रॅमच्या बाबतीत मात्र काटकसर नको. त्यांच्या माहितीपत्रकात किमान ६ जीबी आणि वर १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लिहिलंय, ते गंभीरपणे घ्या. मी ८ जीबीचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला आणि मेलच्या मजकुरात शोधण्याची सोय बंद ठेवली. क्लॅमएव्हीही बंद करता येतं, पण कारखान्यात ‘इन्व्हॉइस’ नावाच्या झिप फायली रोज येतात, तेव्हा ते मी चालूच ठेवलंय.

खरी मेहनत कंटेनरांच्या बाहेर आहे, आणि त्यात मेलकाऊ फक्त वाट दाखवू शकतं. सर्व्हर एकमेकांना ज्यातून मेल देतात तो बाहेर जाणारा पोर्ट २५ व्हीपीएसवाल्यांकडे बंद होता. तिकीट टाकून, आम्ही कोण, किती मेल पाठवणार हे समजावून तो उघडायला तीन दिवस गेले. आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) नाव सांगणारी पीटीआर नोंद डोमेनच्या पॅनलमध्ये शोधत बसू नका, ती आयपी ज्याचा त्याच्याकडूनच करून घ्यावी लागते. आयपीव्ही६ वापरणार असाल तर त्याचीही वेगळी. आणि मिळालेला आयपी पैसे भरण्याआधी स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्यांत तपासा, कारण आधीच्या भाडेकरूने त्यावरून काय उद्योग केले असतील कोण जाणे. मला पहिला आयपी बदलून घ्यावा लागला.

मग एसपीएफ (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (हे जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते धोरण). कुठली नोंद हवी आणि सध्या कुठली सापडली हे मेलकाऊ डोमेनच्या पानावर शेजारी शेजारी दाखवतं. डीकेआयएमची किल्ली पॅनलमध्येच तयार होते. डीमार्क मी आधी नुसत्या निरीक्षणावर ठेवलं, आणि ते फार बरं झालं. रोज येणाऱ्या अहवालांत एक अनोळखी आयपी आमच्या नावाने मेल पाठवताना दिसत होता. दोन दिवस झोप लागली नाही. शोधल्यावर कळलं, ती आमच्याच वेबसाइटवरची चौकशीची खिडकी होती, वेगळ्या होस्टिंगवरून मेल टाकणारी. सुरुवातीलाच कडक धोरण लावलं असतं तर गिऱ्हाइकांच्या चौकश्या गेल्या असत्या. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम आवळलेत. थोडे मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि नीट पीटीआर लागतोच, त्यामुळे यातलं काही ‘नंतर बघू’ म्हणून सोडता येत नाही. सगळं बरोबर असूनही पहिले तीन-चार आठवडे काही ठिकाणी आमचे मेल स्पॅममध्ये पडले. नवीन आयपीवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. त्या काळात मी मार्केटिंगला रोज फोन करून खात्री करायला लावली.

जुने मेल आणायला ‘सिंक जॉब’ आहे. जुन्या खात्याचा पत्ता, पासवर्ड दिला की फोल्डरांसकट सगळं येतं. अकाउंट्सच्या काकांचे २०१६ पासूनचे मेल एका रात्रीत आले. स्पॅमही शिकवता येतो: नको असलेला मेल ‘जंक’मध्ये ओढला की आरस्पॅमडी शिकतं, जंकमधून बाहेर काढला तरी शिकतं. मी सगळ्यांना नुसतं ‘डिलीट’ करायची सवय सोडायला लावली आणि दोन महिन्यांत फरक पडला.

एका सकाळी मात्र अख्ख्या ऑफिसचा मेल बंद. बाहेरून सगळं चालू, आतून काही नाही. स्टोअरमधल्या एका जुन्या फोनवर जुना पासवर्ड राहिला होता. तो फोन पुन्हा पुन्हा धडका देत होता आणि नेटफिल्टर नावाच्या कंटेनरने त्याचं काम चोख करत आयपी अडवला. ऑफिसचा बाहेरचा आयपी एकच, म्हणून चौदाही जण अडकले. स्थिर आयपी घेऊन तो मुभेच्या यादीत घातला, फोनांना स्वतंत्र अ‍ॅप पासवर्ड दिले. हे पहिल्याच दिवशी करा.

ड्रॉइंगबद्दलही एक सांगते. अटॅचमेंट मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची पीडीएफ २७ एमबीच्या आसपास जाते आणि समोरचा सर्व्हर ५ ने सुरू होणारं उत्तर देतो. आपल्याकडची मर्यादा वाढवून उपयोग नाही, लिंक पाठवा.

अपडेट मी सुट्टीच्या सकाळी करते. आधी स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत), मग त्यांची अपडेट स्क्रिप्ट. काही मिनिटं मेल बंद राहतो, पण पाठवणारे सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत राहतात. पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस धीर धरतं.

बॅकअपच्या स्क्रिप्टला ‘सगळं’ हाच पर्याय द्या. मेलकाऊ मेल डिस्कवर कूटबद्ध करून ठेवतं आणि त्याच्या किल्ल्या वेगळ्या व्हॉल्यूममध्ये (डॉकरच्या साठवणीच्या जागेत) असतात. फक्त मेलचा व्हॉल्यूम जपलात आणि किल्ल्या गेल्या तर हातात वाचता न येणाऱ्या फायली उरतील. पहिले दोन महिने मी बॅकअप त्याच डिस्कवर ठेवत होते. डिस्क भरली आणि येणारे मेल ४ चं उत्तर घेऊन परत जायला लागले. आता रोज रात्री प्रत दुसऱ्या ठिकाणी जाते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तासाच्या भाड्याने एक रिकामा व्हीपीएस घेतला, तिथून चुकूनही मेल जाऊ नये म्हणून पोर्ट २५ बंदच ठेवला आणि बॅकअप परत बसवून पाहिला. तीन तास गेले. शेवटी काकांच्या बॉक्समधला २०१६ चा एक मेल उघडला, अटॅचमेंटसकट. तेव्हाच जुन्या मेलसेवेचं नूतनीकरण करायचं नाही, असं साहेबांना फोन करून सांगितलं.