महागडी पर्स ईबेवर विकताना: ‘ऑथेंटिसिटी गॅरंटी’ विक्रेत्याला कितपत सांभाळते?

वापरलेली शनेल किंवा लुई व्हिटॉनची पर्स अमेरिकेत ऑनलाइन विकायला काढली, की बहुतेकांचा जीव पैसे हातात पडेपर्यंतच टांगणीला लागलेला असतो. खरं तर सावध राहायचे दिवस त्यानंतर सुरू होतात. पार्सल पोचतं, आठ-दहा दिवसांनी ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार येते, परतीचं लेबल निघतं आणि खोक्यातून निघते ती तुमची पर्स नसतेच. हुबेहूब नक्कल असते, किंवा पर्स तुमचीच पण मूळ चेन काढून दुसरी अडकवलेली. वेबसाइटच्या लेखी मात्र वस्तू परत पोचली, ट्रॅकिंग तसं दाखवतं आणि गिऱ्हाइकाचे पैसे गिऱ्हाइकाला जातात. म्हणून विक्रीची कुठलीही सेवा जोखताना पहिला प्रश्न हाच विचारावा: परत येणारी वस्तू वाटेत कुणी उघडून पाहतं का?

ईबे या ऑनलाइन बाजाराची ‘ऑथेंटिसिटी गॅरंटी’, म्हणजे वस्तू अस्सल आहे का ते तपासून देणारी सेवा, या प्रश्नाला ‘हो’ म्हणते, आणि आमच्या मते विक्रेत्यासाठी तिची किंमत एवढ्या एकाच गोष्टीत आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ती अमेरिकेत २००० डॉलर आणि त्यावरच्या घड्याळांसाठी सुरू झाली. २०२१ मध्ये ५०० डॉलरपासून पुढच्या हँडबॅगा तिच्यात आल्या. सगळे ब्रँड आणि सगळे प्रकार तिच्यात येत नाहीत, त्यामुळे लिस्टिंग (विक्रीची जाहिरात) टाकल्यावर त्यावर निळी खूण उमटली का ते आधी बघावं. खूण नसेल तर तो विक्रेत्यासाठी साधा, बिनआधाराचा व्यवहार आहे असंच समजावं.

कामाची पद्धत सोपी आहे. पैसे भरले गेले की लेबलवर गिऱ्हाइकाऐवजी तपासणी केंद्राचा पत्ता येतो. तिथे पर्स उघडून टाके, शिक्के, बक्कल, चेन, अस्तर पाहतात आणि मग तुमच्या लिस्टिंगचं शीर्षक, वर्णन, फोटो यांच्याशी ती ताडून बघतात. पास झाली की तिला एक टॅग लावून, सही घेऊनच द्यायच्या बोलीवर गिऱ्हाइकाकडे पाठवतात. परतावा झाला तर पर्स आधी त्याच केंद्रात येते, टॅग शाबूत आहे का आणि वस्तू तीच आहे का हे पाहिलं जातं, मग तुमच्याकडे येते. बदलाबदलीचा खेळ इथे थांबतो. शिवाय लिस्टिंगमध्ये ‘परतावा नाही’ निवडलं असेल, तर पास झालेला व्यवहार अंतिम धरला जातो. महागड्या वस्तूला हाच पर्याय निवडावा. ‘परतावा दिला तर गिऱ्हाईक पटकन घेतं’ हा सल्ला टी-शर्टसाठी ठीक आहे, तीन हजार डॉलरच्या पर्ससाठी नाही.

गोष्टी बिघडतात त्या बहुतेक वर्णन आणि वस्तू ताडून बघताना, आणि त्यात अस्सल पर्ससुद्धा अडकतात. वर्णन जुळलं नाही तर तशीच घ्यायची की पैसे परत मागायचे हे गिऱ्हाइकाला विचारलं जातं. जमलेला सौदा तिथे मोडू शकतो. लुई व्हिटॉनची स्पीडी पर्स २५, ३०, ३५, ४० अशा मापांत येते. ३० लिहून २५ पाठवली तर ती नापास. फोटोत त्यांच्याच नेव्हरफुल पर्सच्या आतलं पाऊच दिसतंय आणि खोक्यात नाही, तरी तेच. पर्ससोबत जे जाणार नाही ते फोटोत ठेवूच नये. पुन्हा रंगवलेलं चामडं, चांभाराकडून बदलून घेतलेला पट्टा, बाहेरून बसवलेली चेन यांचा उल्लेख राहिला तर अडचण होते, आणि उल्लेख केला तरी मूळ नसलेल्या भागांमुळे वस्तू नापास होऊ शकते. घड्याळात हे जास्त घडतं. मूळ डायल काढून बसवलेली दुसरी डायल किंवा बाजारातून जडवून घेतलेले हिरे असतील, तर रोलेक्सही अडकू शकतं.

लुई व्हिटॉनच्या आतल्या कोडबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत, तेव्हा जरा थांबून सांगतो. तो त्या एका पर्सचा स्वतंत्र क्रमांक नाही. दोन अक्षरं कारखान्याची, आणि २००७ पासूनच्या मालात पहिला व तिसरा आकडा आठवड्याचा, दुसरा व चौथा वर्षाचा. ‘एसपी ०१५९’ म्हणजे फ्रान्समध्ये २०१९ च्या पाचव्या आठवड्यात बनलेली पर्स. हे आकडे सरळ ओळीने वाचून भलतंच वर्ष लिहिणारे विक्रेते कमी नाहीत, आणि चुकलेलं वर्ष म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात दिलेलं आयतं कोलीत. २०२१ पासून हे कोड छापणं बंद झालं आणि आत मायक्रोचिप आली. म्हणून नव्या पर्समध्ये कोड दिसत नाही यावरून ती बनावट ठरत नाही. हे वर्णनात एका वाक्यात लिहून टाकावं, म्हणजे पुढचे दहा प्रश्न वाचतात. शनेलनेही २०२१ मध्ये क्रमांकाचं स्टिकर आणि कार्ड सोडून धातूच्या पट्टीतली चिप आणली. जुन्या शनेलचं स्टिकर आणि कार्ड यांचा क्रमांक जुळत असेल तर तसं जरूर लिहावं, पण फोटोत शेवटचे तीन-चार आकडे झाकावेत. नकला करणारे असे क्रमांक उचलतात, आणि तुमचाच क्रमांक छापलेली दुसरी पर्स बाजारात फिरू लागते.

स्थिती लिहिताना हात आखडता घेऊ नये. कॅनव्हासवरच्या बारीक भेगा, कडेचं चिकट झालेलं लाल ग्लेझिंग (रंगाचा थर), कच्च्या चामड्याचा मधाच्या रंगाकडे झुकलेला पट्टा, कोपऱ्यांची झीज या प्रत्येकाचा जवळून एक फोटो हवा. वासाचाही उल्लेख करावा. आपल्याकडे पर्स कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवायची सवय असते. तो वास अस्तरात महिनोन्‌महिने राहतो आणि फोटोत येत नाही. विकायच्या आधी पर्स पंधरा दिवस सावलीत, उघडी, हवेशीर जागी ठेवावी. अत्तर मारून वास झाकायला जाऊ नये, मग दोन वास होतात.

आता फी. ईबेवर बायकांच्या हँडबॅगांना एकूण रक्कम २००० डॉलरपर्यंत असेल तर १५ टक्के लागतात, आणि त्यावर गेली तर सगळ्या रकमेवर ९ टक्के. ‘एकूण’ या शब्दात पाठवणी आणि विक्रीकरही येतो. न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला ६.६२५ टक्के कर लागतो. पाठवणी मोफत धरली तर १८५० डॉलरची पर्स करासकट १९७२.५६ होते आणि फी जाते २९५.८८. तीच १९०० ला लावली तर एकूण २०२५.८८, आणि फी फक्त १८२.३३. किंमत पन्नास डॉलरने वाढली आणि हातात सुमारे १६३ डॉलर जास्त आले. मात्र ओरेगनसारख्या विक्रीकर नसलेल्या राज्यातलं गिऱ्हाईक आलं, तर १९०० च्या पर्सला १५ टक्केच लागतील. त्यामुळे १८०० ते २००० या पट्ट्यात किंमत ठेवूच नये. पर्सची तेवढी पत असेल तर सरळ २०१० लावावेत. दर अधूनमधून बदलतात, लिस्टिंग टाकायच्या दिवशी फीचं पान उघडून हिशेब करावा.

ही सेवा सांभाळत नाही तो टप्पा म्हणजे तुमच्या दारापासून तपासणी केंद्रापर्यंतचा. तिथे वस्तू पोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची. यूपीएस आणि फेडेक्स या कुरिअर कंपन्या वेगळं काही नोंदवलं नाही तर १०० डॉलरपर्यंतच जबाबदारी घेतात, म्हणून पूर्ण किंमत जाहीर करून सहीची अट लावावी. घड्याळ असेल तर आणखी एक खाच आहे: दागिने आणि घड्याळांसाठी फेडेक्सची जाहीर किमतीची मर्यादा साधारणतः १००० डॉलर असते. सहा हजारांचं घड्याळ सहा हजार लिहून पाठवलं तरी भरपाई त्या प्रमाणात मिळत नाही. अशा वेळी अमेरिकी टपाल खात्याचं रजिस्टर्ड मेल बरं. ते ५०,००० डॉलरपर्यंत विमा देतं. हळू जातं, पण प्रत्येक हाताची नोंद राहते. त्याला प्लॅस्टिकची चिकटपट्टी चालत नाही, सांध्यांवर शिक्के मारता येतील अशी कागदी पट्टीच लागते. ती नसेल तर खिडकीवरून परत पाठवतात.

बांधताना एकच सलग व्हिडिओ घ्यावा: पर्सच्या चारही बाजू, आतला क्रमांक, एखादी न बदलणारी खूण, खोक्यात ठेवणं, पट्टी मारणं, लेबल आणि काट्यावर दिसणारं वजन. न बदलणारी खूण म्हणजे चामड्यावरचा विशिष्ट ओरखडा, किंवा मोनोग्राम (ब्रँडच्या अक्षरांची नक्षी) शिलाईपाशी नेमका कुठे कापला गेलाय ती जागा. नकलेत ती जागा तशीच येणं जवळजवळ अशक्य. आत पातळ कागदाचे बोळे भरावेत, वर्तमानपत्र नको, शाई लागते. चेन वेगळी गुंडाळावी, नाहीतर मऊ लॅम्बस्किनवर (कोकराच्या चामड्यावर) तिचे वळ उठतात. बाहेरच्या खोक्यावर ब्रँडचं नाव असता कामा नये. परत आलेलं पार्सल उघडतानाही असाच व्हिडिओ हवा, आणि खोकं उघडण्याआधी पुन्हा वजन.

या सेवेबाहेर विकणार असाल तर जोखीम सगळी तुमच्या अंगावर. निळी खूण नसलेल्या विक्रीत गिऱ्हाइकाला पोच मिळाल्यापासून साधारण ३० दिवस तक्रार करता येते. एकूण ७५० डॉलर किंवा जास्त असतील तर सहीची पोच घ्यावीच लागते, नाहीतर ‘मिळालं नाही’ म्हणणाऱ्यापुढे विक्रेता हरतो. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेच्या विक्रेता-संरक्षणालाही ७५० डॉलरपासून सहीची अट आहे. पण ते ‘मिळालं नाही’ आणि ‘मी पैसे दिलेच नाहीत’ या दोनच तक्रारींना धरून आहे, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या तक्रारीत ते तुमच्या बाजूने उभं राहत नाही. गिऱ्हाइकाला वाद काढायला १८० दिवस मिळतात. पेपालने पैसे देऊन ‘मी स्वतः येऊन घेऊन जातो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. ट्रॅकिंगच नसेल तर वस्तू दिल्याचा पुरावा कुठून आणणार? पैसे भरल्यावर ‘पत्ता बदला’ म्हणणाऱ्याची ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्यावर पुन्हा घ्यायला सांगावी. फोन नंबर मागून ‘ट्रॅकिंग नंबर टाकला की पैसे सुटतील’ अशी ईमेल दाखवणारा तर उघड ठग आहे. पैसे आले का ते ईमेलमध्ये नव्हे, स्वतः लॉगिन करून खात्यात पाहायचं. कॅशियर्स चेकही (बँकेने स्वतः काढून दिलेला चेक) घेऊ नये. बँक रक्कम दुसऱ्या दिवशी वापरायला देते, पण चेक खोटा असल्याचं आठवड्यांनी कळतं आणि तेव्हा ती रक्कम तुमच्याकडूनच वसूल होते.

रिअलरिअलसारख्या सेवेत वस्तू ठेवायला देता, ती विकण्याचं काम ते करतात. गिऱ्हाइकाशी तुमचा संबंध येत नाही, पण किंमतही ते ठरवतात आणि कमिशन भरपूर जातं. वस्तू हातातून सोडण्यापूर्वी करारातली किंमत उतरवण्याची कलमं वाचावीत. व्हेस्टिएर कलेक्टिव्ह या वापरलेल्या महागड्या वस्तूंच्या वेबसाइटवर केंद्रातून तपासून पाठवणं आणि थेट पाठवणं असे दोन मार्ग आहेत. निवड असेल तिथे तपासणीचाच मार्ग धरावा.

भारतातल्या भारतात विकणाऱ्यांना ईबेचा हा आधार नाही. ईबे इंडिया २०१८ मध्येच बंद झालं. ओळखीतून किंवा जाहिरातीतून थेट विक्री होते तिथे पैशाची देवघेव यूपीआयवर चालते, आणि फसवणूकही तिथेच होते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. समोरचा पिन टाकायला सांगतोय म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्यावरच पर्स द्यावी, शक्यतो बँकेच्या शाखेत भेटून, बिलाची प्रत आणि मिळालेल्या रकमेची पावती करून. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असतो, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच घ्यावी. फसवणूक लक्षात आली तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता त्या पहिल्या तासांतच सर्वांत जास्त असते.