पिवळ्या पिशवीचे सव्वा लाख

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली, तेव्हा माझा भाचा त्यात सापडला. संध्याकाळी जिना चढताना पाय लटपटले, दुसऱ्या दिवशी हातात चमचा धरवेना. हॉस्पिटलनं दिवसाआड पाच वेळा प्लाझ्मा एक्स्चेंज केलं, म्हणजे मशीननं रक्तातला पातळ भाग (प्लाझ्मा) काढून त्या जागी दुसरं द्रव भरलं. तिसऱ्या आठवड्यात पोरगा भिंत धरून चालायला लागला. तेव्हापासून आमच्या घरात 'प्लाझ्मा' म्हटलं की हात जोडायचेच बाकी. फसलो ते याच शब्दावर.

आईला 2024 च्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. ताप गेला, सांधे धरले ते धरलेच. सकाळी मूठ वळायची नाही, कणीक मळणं बंद. ओळखीतल्या एकानं एका वेलनेस सेंटरचा नंबर दिला. तिथल्या काउन्सेलर बाईंनी आईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. (इतका वेळ आजवर एकाही डॉक्टरनं दिला नव्हता, हे कबूल करायला हवं.) भाच्याची गोष्ट मीच उत्साहानं सांगितली. बाईंनी ती तिथल्या तिथे उचलली. "तेच मशीन, तीच ट्रीटमेंट. आजींच्या रक्तात चिकुनगुनियाची घाण अजून फिरतेय, ती धुऊन काढू." पाच सिटिंगचे अडीच लाख, निम्मे आधी. मी सव्वा लाख भरले. पावतीवर आजाराचं नाव नव्हतं, 'वेलनेस सर्व्हिस' एवढंच होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मानेच्या शिरेत जाड नळी घातली. घालणारा डॉक्टर होता की टेक्निशियन, मला आजही माहीत नाही. आई बीपीसाठी रामिप्रिल घेते, तेही कुणी विचारलं नाही. भाच्याच्या वेळी हॉस्पिटलनं सगळ्यात आधी चालू गोळ्यांची यादी मागितली होती. अर्ध्या तासात आईच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी व्हायला लागली, मग बीपी उतरलं. मी घाबरून ओरडलो तर उत्तर आलं, "विष बाहेर पडताना असं होतंच." शेवटी पिवळ्या पाण्यानं भरलेली पिशवी समोर धरली. "बघा, केवढी घाण निघाली!" आईनं त्या पिशवीला नमस्कार केला.

पुढच्या सिटिंगसाठी म्हणून नळी मानेत तशीच ठेवून घरी पाठवलं. तिसऱ्या रात्री थंडी वाजून ताप. या वेळी सरळ हॉस्पिटल गाठलं. नळीतून रक्तात जंतू गेले होते. नळी काढली आणि दहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं.

तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. प्लाझ्मा सगळ्यांचाच पिवळा असतो, धडधाकट माणसाचासुद्धा. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये सायट्रेट घालतात, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मुंग्या त्याच्या होत्या आणि कॅल्शियम देऊन त्या थांबवता येतात. प्लाझ्मा काढून त्या जागी अल्ब्युमिन (रक्तातलंच एक प्रथिन) भरलं आणि पेशंट रामिप्रिलसारख्या गोळीवर असेल तर बीपी कोसळू शकतं, म्हणून ती गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवतात. शिवाय एका पूर्ण सिटिंगमध्ये प्लाझ्मातले साधारण दोन तृतीयांश घटक निघून जातात. त्यात रक्त गोठवणारे घटकही गेले आणि जंतूंशी लढणाऱ्या चांगल्या अँटिबॉडीजही.

एवढी जोखीम घ्यायला तसाच आजार लागतो. जीबीएसमध्ये शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडीज नसांवर हल्ला करतात, त्या काढल्या की फरक पडतो. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू कमजोर करणाऱ्या आजारात, श्वास अडकायला लागला तर हेच करतात. टीटीपी नावाच्या रक्ताच्या आजारात तर रोज करावं लागतं, नाहीतर पेशंट हातचा जातो. चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीवर हा उपाय नाही. आईला डॉक्टरांनी गोळ्या आणि फिजिओथेरपी दिली. बिल काही हजारांत.

म्हणून कुणी 'रक्त धुऊन देतो' म्हणालं तर आजाराचं नाव कागदावर लिहून मागा. नळी कोण घालणार त्याचं नाव विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्याची नोंदणी तपासा. काढलेल्या प्लाझ्माच्या जागी काय भरणार, आणि मध्येच बीपी पडलं तर आयसीयू कुठे आहे, हेही. 'डिटॉक्स' किंवा 'तरुण व्हा' ऐकू आलं तर खुर्चीवरून उठाच. पैसे अडकलेच असतील तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मी तिथे अर्ज केलाय, महापालिकेच्या आरोग्य विभागालाही लेखी कळवलंय.

सेंटरचा परवा फोन आला. आवाज त्याच बाईंचा, तितकाच गोड. आजींच्या चार सिटिंग बाकी आहेत, उरलेले पैसे महिनाअखेरीपर्यंत भरले नाहीत तर पॅकेज लॅप्स होईल म्हणाल्या.