छोट्या टगवाल्यांनी पुढं कुठं जावं: खंभातचं आखात की काकीनाडा?

आमच्या दाजींचे दोन टग (ओढकाम करणाऱ्या ताकदवान बोटी) अलिबागजवळच्या धरमतरच्या खाडीत बार्ज (मालाचे सपाट पडाव) ओढतात आणि सगळा हिशोब इथं जुळे सोलापुरात बसून चालतो. आता त्यातला एक दुसऱ्या राज्यात लावायचं चाललंय, गुजरात की आंध्र एवढंच ठरायचंय. मी आंध्रातल्या काकीनाडा बंदराच्या बाजूनं आहे, आणि का ते सविस्तर सांगतो कारण एक-दोन टगवाले बरेच मालक याच प्रश्नावर अडलेत.

आधी एक क्लिअर करू, मोठ्या बंदरात जहाज बर्थला (धक्क्याला) लावायचं काम आपल्यासाठी नाहीच. तिथं 50-60 टन बोलार्ड पुलचे (म्हणजे ओढायच्या ताकदीचे) एएसडी टग (ज्यांचे मागचे पंखे कुठल्याही दिशेला फिरतात) लागतात, सरकारी मेजर पोर्टना 2020 पासून भारतात बांधलेलेच टग घ्यायला सांगितलंय, 2024 ला ग्रीन टगची (कमी प्रदूषणाच्या टगची) योजना आली, आणि खासगी बाजूला देशातली सगळ्यात मोठी टग कंपनी ओशन स्पार्कल 2022 मध्ये अदानींकडं गेली. राहिलं काय, तर बार्ज ओढणं.

त्या हिशोबानं गुजरात पहिल्या नजरेत सोपं वाटतं. मुंबईहून खंभातच्या आखातातलं दहेज साधारण एका दिवसाचं सेलिंग, स्पेअर मुंबईतनंच जाणार, कोकणातले तांडेल-खलाशी तेच राहणार, टग परत आणायचा म्हटलं तरी त्रास नाही.

पण पाणी बघा तिथलं. भावनगरकडं अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी काही तासांत वर-खाली, आणि त्याचा करंट. दाजींचे टग जुन्या पद्धतीचे ट्विन स्क्रू (दिशा न बदलणारे दोन पंखे), टो हुक (ओढायचा रस्सा अडकवायचा हुक) जवळपास मध्यावर. अशा टगला मागचा बार्ज करंटनं बाजूला ओढायला लागला की रस्सा आडवा येतो, टग एका कुशीवर कलतो आणि हुक तेवढ्यात सुटला नाही तर उलटतो, आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. याला गर्टिंग म्हणतात. हुकचा क्विक रिलीज (रस्सा झटकन सोडायची कळ) रोज ओढून बघितला, तरी लोड आल्यावर तो सुटेलच याची खात्री कोण देणार? माझ्यासाठी गुजरातचा विषय इथंच संपतो. रेट दीडपट मिळाला तरी या टगवर पोरांना तिथं पाठवू नये. एएसडी टग असता तर वेगळं बोललो असतो. भावनगरजवळ अलंगला जहाजं तोडतात, त्या कामाच्या भरवशावरही जाऊ नका, भंगारात येणारी जहाजं कमी झालीत.

काकीनाड्याला अँकरेज पोर्ट आहे, जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि तांदळाची पोती बार्जनं तिथपर्यंत जातात. पुढ्यात होप आयलंडची आड असल्यानं बरंचसं पाणी शांत, आपल्या टगला झेपणारं काम. शिवाय आपल्याला तेलुगू परकी नाही, सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात बोलतात, दाजींचे हिशोबनीस तिथलेच, ते बार्ज मालकाशी थेट बोलतात, मध्ये दलाल नको. सोलापुरात कोणार्कला बसायचं, सामलकोटला उतरायचं, तिथनं काकीनाडा जवळच.

धोका आहेच, आणि तो समुद्रापेक्षा दिल्लीतनं जास्त येतो. जुलै 2023 ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली ती सप्टेंबर 2024 ला उठली, एवढे दिवस नुसत्या तांदळावर बसलेल्या मालकानं हप्ता कुठनं भरायचा? वादळं पण आहेत, एप्रिल-मेमध्ये आणि परत ऑक्टोबर ते डिसेंबर.

टग न्यायचा प्रवास हाही मोठा खर्च, सगळी पश्चिम किनारपट्टी उतरून कन्याकुमारीला वळायचं, मग रामेश्वरजवळचा पांबनचा पूल उचलायची परवानगी आणि पाळी येईपर्यंत थांबायचं, तिथं ड्राफ्ट (टगचा पाण्याखालचा भाग) कमी असलेलेच टग जातात, बाकीच्यांना श्रीलंकेला वळसा. म्हणून आधी ड्राफ्ट मोजून घ्या, मग डिझेलचा हिशोब करा. निघायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, कारण पुढं तिकडं वादळं आणि इकडं पावसाळा लागतो. आणि हो, नुसतं इनलँड (नदी-खाडीपुरतं) रजिस्ट्रेशन असलेला टग या प्रवासाला चालणार नाही.

दाजींना मी एवढंच सांगितलंय की बार्ज मालकाकडून महिन्याला किमान किती दिवसांचे पैसे पक्के ते लेखी घ्या, निर्यातबंदी आली तर काय तेही त्याच कागदावर येऊ दे, आणि तो सही करायला तयार नसेल तर टग धरमतरलाच राहू दे.