शाहूपुरीतली भाषांतर सेवा, तपासली एका 'शंट'वर

कोल्हापूरच्या शाहूपुरीत झेरॉक्स आणि डीटीपीच्या जोडीनं इंग्रजी-मराठी भाषांतर करून देणारी दुकानं आहेत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना यंत्रांची माहिती आणि सुरक्षेच्या सूचना कामगारांना वाचता येतील अशा मराठीत लागतात, त्यामुळे या कामाला मागणी चांगली आहे. त्यातल्या एका दुकानाला चार कागद दिले: मालधक्क्यावरच्या सूचना, रेक्टिफायरची (एसी विजेचं डीसी करणाऱ्या यंत्राची) पुस्तिका, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि ऑफिसची टिपणी. चारही कागदांत 'शंट' हा इंग्रजी शब्द होता, कुठं क्रियापद म्हणून, कुठं नाम म्हणून. एकच मराठी शब्द चारही ठिकाणी चालत नाही, म्हणून मुद्दाम तोच निवडला.

शब्द रेल्वेपेक्षा जुना आहे. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ अंग चुकवून बाजूला सरणं असा होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वेनं तो उचलला आणि डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेण्याला वापरला. वीज, वैद्यक, ऑफिस ही पुढची घरं त्याला त्यानंतर मिळाली. चालती वाट सोडून बाजूच्या वाटेला लावणं हे मूळ सगळीकडे टिकून आहे. भाषांतर करणाऱ्यानं दर वेळी दोनच प्रश्न विचारायचे: काय बाजूला काढलं, आणि का?

कोल्हापूरकरांना खरा शंट स्टेशनवरच दिसतो. १८९१ साली मिरजेहून आलेली लाइन इथंच संपली, आजही इथंच संपते. त्यामुळे इंजिन लावून आलेली गाडी परत न्यायची तर इंजिन सोडवायचं, शेजारच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं आणि पुन्हा जोडायचं. वंदे भारतला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यानं ही खटपट लागत नाही. पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी) झेंडा दाखवतो आणि इंजिन माणसाच्या चालीनं डब्याला टेकतं, तेवढ्या दोन मिनिटांत या क्रियापदाचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो.

म्हणून मालधक्क्याचा कागद सोपा जायला हवा होता. आकडे बरोबर आले: शंटिंगचा वेग ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त नको, स्फोटकं किंवा पेट्रोलचे डबे असतील तर ८. चूक 'लूज शंटिंग'मध्ये झाली. दुकानानं लिहिलं, 'डबे सैल शंट करू नयेत.' हे वाचून कामगार दोन डब्यांमधलं कपलिंग (जोड) आवळत बसेल. लूज शंटिंग म्हणजे इंजिनाला न जोडलेला डबा ढकलून मोकळा सोडणं. असा डबा आपल्या वेगानं जातो, पुढं त्याला थांबवायला हँडब्रेक नाहीतर समोरचा डबा, एवढंच असतं. 'डबे ढकलून मोकळे सोडू नयेत' असं हवं होतं. पुढं 'सिक्युअर'चं 'वॅगन सुरक्षित करा' केलंय, त्यातून नेमकं काय करायचं ते कळतच नाही. हँडब्रेक आवळा, चाकाला गुटके लावा, साखळीनं रुळाला बांधून कुलूप घाला, असं पायरीपायरीनं लिहायला पाहिजे.

सगळ्यात चांगलं काम रेक्टिफायरच्या पुस्तिकेचं झालं. हुपरीच्या चांदीकामात मुलामा चढवायला लागतो तसा हा रेक्टिफायर. त्यातला शंट म्हणजे अगदी कमी रोधाची धातूची पट्टी. मुख्य करंट पट्टीतून जातो आणि अगदी थोडासा मीटरकडे, म्हणजे जड वाहतूक इथं बाजूच्या रुळानं काढून दिलेली असते. दुकानानं 'शंट' शब्द तसाच ठेवला आणि पहिल्यांदा आला तिथं 'मीटरला समांतर जोडलेला रोध' असा खुलासा दिला. हे बरोबर आहे, कारण दुकानात सुटा भाग मागताना कुणी 'समांतर रोध' म्हणत नाही. जोडणीही अचूक उतरली: दोन मोठ्या बोल्टांना लोडची जाड केबल, दोन बारीक स्क्रूंना मीटरच्या तारा.

इथं एक धोका असतो, तो दुकानानं टाळला. 'शंट'चं 'शॉर्ट' केलं तर वाचणारा तारा थेट जोडून मोकळा होईल. मात्र '१०० ॲम्पिअर, ७५ मिलिव्होल्ट' याचा खुलासा राहून गेला. १०० ॲम्पिअर वाहताना पट्टीच्या दोन टोकांत ७५ मिलिव्होल्टचा फरक पडतो, म्हणजे रोध ०.७५ मिलिओहम. मीटरही ७५ मिलिव्होल्टचाच लागतो. ६० चा लावला तर ८० ॲम्पिअरलाच काटा शंभरावर जाईल, कारागीर करंट कमी करेल आणि मुलामा पातळ बसेल. मूळ पुस्तिकेत तळटिपेत हे आहे, मराठीत ती तळटीपच गळाली.

डिस्चार्ज कार्डात गंभीर चूक आहे. मेंदूतलं पाणी पोटाच्या पोकळीत शंट केलं, असं मूळ वाक्य होतं. मराठीत झालं, 'रुग्णाला हलवण्यात आले.' आपल्याकडे घरचे लोक 'डोक्यात पाणी झालंय' म्हणतात, त्या आजारात मेंदूच्या पोकळीत एक बारीक नळी बसवतात. ती कातडीखालून कान, मान, छातीवरून पोटात उतरवलेली असते, मध्ये झडप असते. 'डोक्यातलं जास्तीचं पाणी नळीनं पोटात वळवलं आहे' एवढं लिहिलं की आईबापांना कळतं. ताप, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, नळीच्या वाटेवर सूज किंवा लाली, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा असतो. ही यादी मराठीत नीट आली आहे, पण नळीचाच पत्ता नसल्यामुळे 'नळीच्या वाटेवर' म्हणजे कुठं, हे कुणाला समजणार? वैद्यकीय कागद इथं द्यायचा असेल तर मराठी प्रत डॉक्टरांकडून वाचून घेतल्याशिवाय वापरू नका.

ऑफिसची टिपणी मध्यम. 'तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली' हे झकास जमलंय. मात्र एका अधिकाऱ्याला स्टोअर्सला शंट केलं, तिथं 'पाठवण्यात आले' असं सपाट आलं. नकोसा माणूस वाटेतून दूर केला, हा त्या क्रियापदाचा डंख त्यात उरत नाही. मराठीत त्याला 'साइडिंगला टाकलं' हा रेल्वेचाच शब्दप्रयोग तयार आहे. सरकारी कागदाला तो चालणार नसेल तर 'दुय्यम जागी बदली केली' लिहावं. त्याच टिपणीत कंपनीच्या मोटारीचा विम्याचा दावा होता. इंग्लंडमधल्या इंग्रजीत 'तीन गाड्यांचा शंट' म्हणजे एकामागून एक बसलेली मागची धडक. दुकानानं 'तीन गाड्या वळवल्या' लिहिलं. असा दावा परत येईल.

काम देताना शब्दावर दर ठरवा, पानावर नको, कारण टाइप मोठा केला की पानं वाढतात. कागद कुणी वाचणार आहे ते वर लिहून द्या: कामगार, रुग्णाचे नातेवाईक की विमा कंपनी. तक्ते, तळटिपा आणि चित्रांतली अक्षरं दरात धरली आहेत का, ते आधी विचारा. दुरुस्तीची एकच फेरी दरात येते, तेव्हा सगळ्या खुणा लाल पेनानं एकाच प्रतीवर करून एकदमच परत द्या.