मांजर जेवत नाही? ‘भुकेचे थेंब’ विकणाऱ्यांपासून सांभाळा

मांजराने खाणं सोडलं की घरातलं माणूस रात्री मोबाइल घेऊन बसतं, आणि नेमकी तिथेच ही मंडळी गळ टाकून बसलेली असतात. माझ्याकडून त्यांनी आधी 299 रुपये ‘कन्सल्टेशन’चे घेतले, मग 1,450 थेंबांचे, मग 2,200 ‘लिव्हर डिटॉक्स किट’चे. रक्कम मुद्दाम लिहितेय. ती ठरवूनच बेताची ठेवलेली असते. एवढ्यासाठी कोण पोलिसांकडे जाणार, हा त्यांचा हिशोब.

आमचा बंडू म्हणजे नसबंदी झालेला, सहा किलोंच्या पुढे गेलेला पिवळा बोका. खाण्याच्या बाबतीत त्याचे कधीच नखरे नव्हते. या वेळी मात्र तो वाटीपाशी यायचा, वास घ्यायचा, जिभल्या चाटायचा आणि मान वळवून निघून जायचा. एखादा दाणा उचललाच तर तोंडातून खाली पाडायचा. गणपतीचे दिवस, आमचे नेहमीचे डॉक्टर गावी गेलेले. मांजरप्रेमींच्या एका फेसबुक ग्रुपवर विचारलं, तर पाच मिनिटांत तिघांचं उत्तर आलं: ‘सेम प्रॉब्लेम होता, या सरांनी बरं केलं.’ खाली एकच नंबर. ती तिन्ही खाती त्याच महिन्यात उघडलेली होती आणि तिघांनीही ‘मांजरिला’ असंच लिहिलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

व्हॉट्सॲपवर ‘सरां’चा फोटो पांढऱ्या कोटातला, गळ्यात स्टेथोस्कोप, मांडीवर मांजर. पैसे भरायला क्यूआर पाठवला तर नाव दिसलं मोबाइल कव्हर विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाचं. विचारलं तर म्हणे, ‘ते आमच्या अकाउंटंटचं आहे.’ मग व्हॉइस मेसेज आला: ‘ताई, टेन्शन घेऊ नका. पोटात उष्णता झालीय, लिव्हर सुस्त पडलंय. आमचे थेंब चालू करा, तिसऱ्या दिवशी वाटी चाटून पुसून ठेवेल.’

बोका की मांजर, वय किती, वजन किती, लघवी होतेय का, उलट्या आहेत का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. खऱ्या डॉक्टरांनी पुढे पहिल्या दोन मिनिटांत हेच सगळं विचारलं. नुसतं ‘जेवत नाही’ म्हटल्याने काहीच कळत नाही. मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाची सूज, पोटात गेलेला दोरा, हिरड्यांचा संसर्ग, घरातल्या कोणी दिलेला कांदा-लसणाचा घास, कशानेही मांजर खाणं सोडतं. साध्या सर्दीनेही, कारण नाक चोंदलं की अन्नाचा वास येत नाही आणि वासाशिवाय मांजर तोंड लावत नाही. बोका शी-शूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसत असेल आणि थेंबभरही लघवी होत नसेल, तर तो मूत्रमार्ग तुंबल्याचा प्रकार असू शकतो. तिथे सकाळपर्यंतही थांबायचं नसतं.

बाटली आली कुरिअरने. निळं झाकण, हिरवं लेबल, त्यावर पान आणि मांजराचं चित्र, ‘100 टक्के नैसर्गिक’. बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. लेबलचा एक कोपरा सुटला होता. तो ओढल्यावर खाली दुसरं लेबल निघालं, लहान मुलांच्या भुकेच्या सिरपचं. आत तेच सिरप होतं की आणखी काही कालवलेलं, देव जाणे. ‘गोड आहे, आवडीने चाटेल,’ असं सर म्हणाले होते. आता गंमत बघा, मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणारी यंत्रणाच त्यांच्या जिभेत चालत नाही. मांजरांचा डॉक्टर म्हणवणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असायला हवं.

ड्रॉपरने थेंब घातले तसा बंडूच्या तोंडाला फेस आला आणि तो पलंगाखाली जाऊन बसला. नंतर वाटी बघूनही लांब पळायला लागला. यात नवल नाही, असं पुढे डॉक्टरांकडून कळलं. मळमळत असताना किंवा तोंड दुखत असताना जबरदस्तीने काही भरवलं, तर मांजर त्या त्रासाचा संबंध खाण्याशी जोडतं आणि बरं वाटल्यावरही ते खाणं टाळतं.

फेसाचा व्हिडिओ सरांना पाठवला. त्यावरचं उत्तर मी जपून ठेवलंय: ‘विष बाहेर पडतंय ताई. आता दोन-तीन दिवस काही खाणार नाही, ते चांगलं लक्षण आहे. पोटाला आराम मिळतो. डॉक्टरकडे नेऊ नका, ते सलाईन लावून बिघडवतील.’

साडेतीन-चार हजारांपेक्षा माझा राग या वाक्यावर आहे. ‘आज एकादशी आहे म्हणा’ असं माणसाच्या बाबतीत चालून जातं, कुत्र्याचंही एखाद्या दिवसाने फारसं बिघडत नाही. मांजराचं शरीर उपाशी राहण्यासाठी बनलेलंच नाही. पोटात अन्न गेलं नाही की अंगातली चरबी सुटून यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही आणि त्याच्या पेशींत चरबी साचत जाते. याला फॅटी लिव्हर किंवा हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही त्याची सुरुवात होऊ शकते, आणि जाडजूड मांजरांना धोका सगळ्यात जास्त. ‘आहे की अंगावर मांस, काही होत नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते म्हणूनच उलटं आहे. मूळ आजार किरकोळ असला तरी यकृत बसलं की उपचार न मिळाल्यास मांजर हाती लागत नाही. भूक गेलेल्या मांजराला ‘तीन दिवस थांबा’ सांगणारा माणूस त्याच्या जिवावर उठलेला असतो, त्याला हे कळत असो वा नसो.

तेवढ्यावर भागलं नाही. अंग गरम लागतंय म्हटल्यावर सरांनी लिहिलं, ‘अर्धी पॅरासिटामॉल पाण्यात विरघळवून द्या.’ आमच्या सोसायटीतल्या मांजरांना खायला घालणाऱ्या काकूंना मी सहज फोनवर हे सांगितलं आणि त्या अक्षरशः ओरडल्या. ‘गोळी हातातली खाली ठेव आधी! मरेल तो!’ पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकणारी व्यवस्था मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, चेहरा सुजतो. घराघरात असलेल्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा मांजराचा जीव घ्यायला पुरेसा आहे. काकूंनीच त्यांच्या ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला आणि आम्ही टोपलीत घालून बंडूला नेलं.

डॉक्टरांनी त्याचा ओठ बाजूला केला आणि मला मागची दाढ दाखवली. मुळाशी हिरडी लाल होऊन फुगलेली, बोट जवळ नेलं तरी तो जबडा थरथरवत होता. ‘याला भूक आहे हो, चावता येत नाहीये,’ म्हणाले. वाटीपर्यंत येऊन परत फिरणं, दाणे तोंडातून पडणं, लाळ, मान वाकडी करून एकाच बाजूने चावणं ही दुखऱ्या तोंडाची लक्षणं. मग त्यांनी कान उलटा करून उजेडात धरला. आतली कातडी हळदीचं बोट लागल्यासारखी पिवळट. रक्त तपासलं तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, वाढलेलं. यकृताला झळ लागायला सुरुवात झाली होती.

पुढचं थोडक्यात. मानेतून अन्ननलिकेत नळी बसवली आणि आम्ही घरी सिरिंजने कोमट पातळ अन्न थोडं थोडं देत राहिलो. मळमळीचं आणि वेदनेचं औषध चालू होतं. तब्येत सावरल्यावर दाढ काढली. बंडू आता पूर्वीसारखा खातो, उलट जरा जास्तच. भूक वाढवणारी खरी औषधं मांजरांसाठी असतात, डॉक्टर मिर्टाझापिनसारखी देतातही, पण वजन पाहून, कारण शोधून आणि यकृत-मूत्रपिंड किती पेलतील ते बघून. कुरिअरच्या बाटलीतून यातलं काय होणार?

आता कामाचं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार जनावरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची परिषदेकडे नोंदणी लागते. कोणीही ऑनलाइन ‘सर’ भेटले तर पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा करा. आमच्या सरांनी त्यावर आधी हसणारी इमोजी पाठवली, मग ‘विश्वास नसेल तर राहू द्या’ आणि मग ब्लॉक केलं. घराजवळ कोणी नसेल तर मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, त्याच आवारात 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतर जिल्ह्यांत निदान सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन तरी करा. प्रौढ मांजराने 24 तास काही खाल्लं नाही तर दाखवायचंच, पिल्लाच्या बाबतीत त्याहून लवकर. डॉक्टरकडे पोचेपर्यंत अन्न जरा कोमट करून समोर ठेवा, म्हणजे वास उठतो. घशात कोंबू मात्र नका.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन लावा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट, क्यूआरचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक काही पुसू नका. बाटली आणि कुरिअरचं पाकीटही ठेवा. मी तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तीच बाटली पुन्हा दिसली. नंबर नवा, किंमत 1,650, आणि या वेळी सर नाहीत, ‘मॅडम’ आहेत. निळं झाकण आणि हिरव्या लेबलावरचं पान-मांजर मात्र तेच आहे. दिसलं तर त्याच पोस्टखाली लिहा आणि ग्रुप ॲडमिनला कळवा.