लादी न फोडता शॉवरची गळती: इपॉक्सी ग्राउटचे परीक्षण

लादी न फोडता बाथरूमची गळती बंद करून देतो, असे सांगणारे कारागीर मुंबईत गल्लोगल्ली भेटतात, आणि त्यांतले बहुतेक जण प्रत्यक्षात लाद्यांच्या सांध्यांतले जुने सिमेंट काढून तिथे इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे बुजवणारा राळेचा लगदा, भरतात. बोरिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीत शॉवरखालच्या कोपऱ्यासाठी हे काम एका स्थानिक कारागिराकडून करून घेतले. त्यावर एक पूर्ण पावसाळा गेला असून खालच्या छतावर नवी ओल आलेली नाही. वस्तू उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र तिच्या नावावर जे आश्वासन विकले जाते ते तिच्या कुवतीबाहेरचे आहे.

कारागिराची सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की त्याने डबा उघडण्याआधी गळती शोधली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्याने पहिला प्रश्न विचारला, तो पाणी सतत ठिबकते की आंघोळी झाल्यावरच वाढते, हा. सतत ठिबकत असेल तर दोष बहुधा भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात असतो आणि तिथे कोणतेही ग्राउट उपयोगी पडत नाही. आंघोळीनंतर वाढत असेल तर संशय जमिनीवर, सांध्यांवर आणि न्हाणी ट्रॅपवर, म्हणजे जमिनीवरचे पाणी जिथून वाहून जाते त्या जाळीखालच्या भांड्यावर, जातो. त्यानंतर ट्रॅपचे तोंड बंद करून त्याने जमिनीवर पाणी भरले आणि ते २४ तास तसेच ठेवले. ओल ट्रॅपच्या भोवती न उमटता कोपऱ्याच्या बाजूला उमटली, म्हणून पुढचे काम हाती घेण्यात अर्थ होता. ट्रॅप आणि स्लॅब यांच्या फटीतून पाणी जात असते, तर तेवढ्या भागापुरती तोडफोड अटळच होती. ही चाचणी न करता जो थेट दर सांगतो, त्याला काम देऊ नये.

आता वस्तूविषयी. साधे सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते. ते पाणी शोषते, काळे पडते आणि फरशी धुण्याच्या ॲसिडने हळूहळू झिजते. इपॉक्सी ग्राउट राळ, हार्डनर आणि बारीक भरणी अशा तीन भागांत येते, आणि ते भाग पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात. एकदा मिसळल्यावर ते सुमारे तासाभरात घट्ट होऊ लागते, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, त्यामुळे थोडे थोडे कालवणारा कारागीर हा जाणकार समजावा. लादीवर राहिलेला पातळ थर ओल्या स्पंजने त्याच वेळी पुसावा लागतो. तो वाळला की साध्या पाण्याने निघत नाही आणि चकचकीत लादी कायमची धुरकट दिसते. आमच्याकडे नळाखालच्या दोन लाद्यांवर हा धुरकटपणा राहिला आहे, आणि त्याचे गुण मी कापतो.

खरी मेहनत मात्र भरण्यात नसून खरवडण्यात आहे. आपल्याकडच्या जुन्या लाद्या बहुधा एकमेकींना चिकटवून बसवलेल्या असतात, आणि केसाएवढ्या फटीत हा घट्ट लगदा शिरत नाही. सांधा दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि लादीच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोल व्हावा म्हणून यंत्राने कापावे लागते. त्या धुळीने अख्खे घर पांढरे होते. ‘तोडफोड नाही’ म्हणजे ‘घाण नाही’ असा समज कोणी करून घेऊ नये. कापलेले सांधे पूर्ण कोरडे व्हायला हवेत, आणि मुंबईच्या जुलैच्या हवेत ते होणे कठीण, म्हणून हे काम हिवाळ्यात उरकलेले बरे.

एका मुद्द्यावर कारागिराशी आमचा मतभेद झाला. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यातही त्याला इपॉक्सीच भरायचे होते. इमारत तापते, निवते, किंचित हलते. कडक भरणीला तिथे पुन्हा चीर पडते, म्हणून त्या रेषेत लवचिक सीलंट, म्हणजे फट बुजवणारी रबरासारखी भरणीच हवी, असा आमचा आग्रह होता. उंबऱ्याला संगमरवर असल्याने उग्र व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळून न्यूट्रल प्रकारचे आणले, कारण पहिल्या प्रकारातून निघणारे आम्ल अशा दगडाला डाग पाडते.

या सगळ्याला वॉटरप्रूफिंग म्हणणे मात्र चुकीचे आहे. वॉटरप्रूफिंगचा थर लादीच्या खाली असतो: कोब्यावर (लादीखालच्या विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थरावर) आणि भिंतीवर शॉवरच्या उंचीपर्यंत दोन थरांत दिलेला पॉलिमर-सिमेंटचा लेप, कोपऱ्यांत जाळी, ट्रॅपभोवती न आकसणारी भरणी. दुकानात वॉटरप्रूफिंगचे काही मागितले की अनेकदा हातात पडते ते डॉ. फिक्सिटचे एलडब्ल्यू प्लस. ते ५० किलो सिमेंटला २०० मिलिलिटर या प्रमाणात नव्या मालात मिसळायचे असते, बसवलेल्या लादीवर फासायचे नसते. ज्यांचा कोबाच पोखरला आहे किंवा जमिनीचा उतार ट्रॅपच्या उलट दिशेला आहे, त्यांनी इपॉक्सीवर पैसे घालवू नयेत. साध्या ग्राउटच्या तुलनेत ते कित्येक पटींनी महाग पडते.

कोब्यात मुरलेले पाणी काम झाल्यावरही बरेच दिवस खाली उतरत राहते, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्यावी आणि त्यांच्या छताला घाईने रंग लावून देऊ नये. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे शौचालय वा सिंकमुळे दोन सदनिकांमध्ये होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांवर असतो, त्यामुळे सचिवांकडे अर्ज करून फारसे काही हाती लागत नाही. हमीपत्रावर ‘बाथरूम वॉटरप्रूफिंग’ असे छापलेले होते. त्याऐवजी ‘शॉवरच्या जागेतील सांधे आणि कोपऱ्यातील सीलंट’ असे आम्ही हाताने लिहून घेतले, आणि कारागिरानेही तक्रार न करता त्याखाली सही केली.