शिंप्याची टेप, दुसरीच्या वर्गात

दुसरीच्या वर्गासाठी बाजारातून शिंप्याच्या पाच टेप आणल्या. प्रत्येकी 20 रुपये, 150 सेंटीमीटर लांब.

त्याआधी आम्ही बाक वितीने मोजला होता. माझ्या सहा विती, पोरांच्या नऊ. "बाई, तुमचा बाक लहान हाय का?" इथून खरी सुरुवात झाली. मग टेप हातात दिली आणि सगळ्यांचं उत्तर 120 आलं. म्हणजे, जवळजवळ सगळ्यांचं. एका गटाने 47 सांगितलं. त्यांनी इंचांची बाजू वाचली होती! दुसऱ्या दिवशी इंचांच्या बाजूवर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली.

टेपचा मोठा फायदा म्हणजे शून्य अगदी टोकाला, पत्र्याच्या कडेपासून. कंपासपेटीतल्या पट्टीला शून्याआधी थोडी मोकळी जागा असते, तिथे पोरं हमखास चुकतात. कुणी कडेपासून मोजतं, कुणी 1 पासून. शिवाय टेप गोल वस्तूला गुंडाळता येते. घागर, आंब्याचं खोड, एकमेकांची डोकी, सगळं मोजून झालं.

तक्रार एकच, पण मोठी. पाचपैकी एक टेप लाकडी मीटरपट्टीशेजारी ठेवली तर मीटरमागे जवळपास एक सेंटीमीटरचा फरक. दुकानदाराने बदलून दिली, "शाळेला काय फरक पडतो" असं म्हणत. घेताना दोन टेप शेजारी-शेजारी ताणून बघा. मेणकापडाची घेऊ नका, पोरं ओढतात आणि ती लांबते, फायबरची घ्या.

पाचपैकी चार तारे.